पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देताय? महाराष्ट्रातल्या लहान घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला हे प्रश्न विचारणारे बहुतेक जण माझ्यासारखेच आहेत. कुणी पोटाला चिमटा काढून एखादा वन बीएचके घेतलेला असतो, कुणाकडे आईवडिलांच्या माघारी दोन खोल्या आलेल्या असतात. पाच-सात इमारतींचा मालक असे प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडे वकील असतो. आपल्याकडे वकील नसतो आणि चूक झाली तर सोसायची ऐपतही फारशी नसते. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांचा मुद्दा एकच आहे: जे करायचं ते किल्ली हातातून जाण्याआधी करा. नंतर तेच काम दहापट जड जातं.

१. भाड्याच्या उत्पन्नासाठी लहान फ्लॅट घ्यावा का? हातात खरंच किती पडतं?

एजंट सांगतो त्यापेक्षा बरंच कमी पडतं. हिशोबासाठी ५० लाखांचा फ्लॅट आणि महिना १४,००० रुपये भाडं धरू. वर्षाचे १,६८,००० होतात, म्हणजे ३.३६ टक्के. एजंट इथेच थांबतो.

आता पुढचं बघा. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहतं, १४,००० गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार धरला तर वर्षाचे ३०,०००. मालमत्ता कर ९,०००. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे पुन्हा १४,०००. रंगकाम, नळ, गिझर, दाराचं कुलूप मिळून १२,०००. उरले ८९,०००. पन्नास लाखांवर हे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतं, आणि त्यात आयकर अजून धरलेला नाही. गृहकर्ज असेल तर व्याजाचा दर याच्या कितीतरी वर असतो.

म्हणून भाड्यातून हप्ता फिटेल या आशेवर फ्लॅट घेऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. पुढे मुलांना लागेल, निवृत्तीनंतर तिथे राहायला जाऊ, किंवा त्या भागात किंमत वाढेल याचा तुमचा स्वतःचा अंदाज आहे, अशा कारणांसाठी घेत असाल तर भाडं ही चांगली जोड आहे. आणि भाडं बंद असतानाही सहा महिन्यांचा हप्ता आणि मेंटेनन्स भरता येईल एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

२. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे नेमकं काय? साध्या भाडेकरारापेक्षा ते वेगळं कसं?

भाडेपट्ट्यात, म्हणजे लीजमध्ये, भाडेकरूचा जागेत हक्क निर्माण होतो. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०५ मध्ये आहे. लायसन्समध्ये तुम्ही ठरावीक काळापुरती राहण्याची परवानगी देता, जागेतला हक्क देत नाही. त्याची व्याख्या १८८२ च्याच सुखाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. बोलताना आपण सगळे भाडेकरू आणि भाडं म्हणतो, मीही पुढे तेच शब्द वापरले आहेत. कागदावर मात्र लायसन्सर, लायसन्सी आणि लायसन्स फी असेच शब्द हवेत.

पण नुसत्या शब्दांनी काम भागत नाही. कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा व्यवहाराचं स्वरूप काय आहे ते बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितलं आहे. म्हणून इंटरनेटवरून कुठल्याही राज्याचा मसुदा उचलू नका. महाराष्ट्रातला, इथल्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ डोळ्यांसमोर ठेवून केलेला मसुदाच वापरा. हे कलम इतकं महत्त्वाचं का, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. करार ११ महिन्यांचाच का करतात? ११ महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही ना?

लागते. महाराष्ट्रात हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे. वर्षाच्या आत राहायचं म्हणून देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत ११ महिन्यांची असो की ३६ महिन्यांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मला शिक्षेपेक्षा त्याच कलमातलं दुसरं वाक्य जास्त भीतीदायक वाटतं. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं. ते खोटं ठरवायचं असेल तर पुरावा तुम्ही द्यायचा. भाडं किती ठरलं होतं, मुदत किती होती, डिपॉझिट किती दिलं होतं, हे सगळं त्याच्या तोंडून ठरणार.

११ महिन्यांना कायद्याचा काही आधार उरलेला नाही, त्यामुळे भाडेकरू चांगला असेल तर मी २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करतो आणि दर वर्षीची वाढ त्यातच लिहितो. नोंदणीचा आणि दलालीचा खर्च वाचतो. ६० महिन्यांच्या पुढे मात्र जाऊ नका, तिथून मुद्रांक शुल्काचा हिशोब लीजसारखा होतो.

४. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतली आहे. चालेल का?

चालणार नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. दुय्यम निबंधकाकडे प्रत्यक्ष जाऊन किंवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन सेवेतून झालेली नोंदणीच धरली जाते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी करता येते. त्यामुळे सह्या नुकत्याच झाल्या असतील तर अजून वेळ गेलेली नाही.

५. नोंदणीला खर्च किती येतो आणि तो कोणी द्यायचा?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते तीन रकमांच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेली रक्कम.

भाडं २०,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट ६०,००० असं धरा. भाड्याचे २,२०,००० आणि डिपॉझिटवरचे ५,५०० मिळून २,२५,५०० होतात. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५६५ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. वर थोडं दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटची फी. हे दर शासन अधूनमधून बदलतं, तेव्हा दस्ताच्या दिवशी विभागाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

खर्च बहुतेक ठिकाणी निम्मा-निम्मा वाटून घेतात. त्यावरून घोडं अडत असेल तर पूर्ण खर्च तुम्ही करा. या कागदाची खरी गरज तुम्हाला आहे.

६. भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, हे खरं का?

खरं नाही. या एका भीतीपायी कितीतरी लोक चांगली घरं वर्षानुवर्षं कुलूपबंद ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

बारा वर्षांचा आकडा १९६३ च्या मुदत कायद्यातला आहे. तो प्रतिकूल कब्जाला लागतो, म्हणजे कुणी तुमच्या हक्काला उघड आव्हान देऊन जागा बळकावून बसला असेल तेव्हा. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो. परवानगीने राहणारा कितीही वर्षं राहिला तरी त्याचा कब्जा प्रतिकूल होत नाही.

मग ही भीती आली कुठून? तिचं मूळ जुन्या कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी जागेत राहत होते त्यांना भाडेकरू मानलं गेलं. ज्यांनी अकरा महिन्यांसाठी म्हणून जागा दिली होती, त्यांच्या जागा एका दिवसात संरक्षित भाडेकरूंच्या ताब्यात गेल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं आणि घर भाड्याने देऊ नये हा धडा घराघरात राहिला. १९९९ च्या कायद्याने राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या जागेबाबत मालकाची बाजू बरीच भक्कम केली आहे. अट एकच, कागद धड हवा.

७. डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा नवा नियम आलाय म्हणे?

व्हॉट्सॲपवर फिरतो तो मजकूर आदर्श भाडेकरार कायद्याचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी त्याला मंजुरी दिली आणि त्यात घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. पण तो फक्त नमुना आहे. राज्य त्यावरून स्वतःचा कायदा करत नाही तोवर तो तिथे लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो आणि लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात अशी कमाल मर्यादा नाही.

माझा स्वतःचा अंदाज तीन महिन्यांच्या भाड्याचा. एखादा महिना भाडं थकलं, नोटिशीचा एक महिना गेला आणि वर विजेचं बिल व किरकोळ मोडतोड आली तरी एवढ्यात भागतं. रक्कम बँकेतूनच घ्या, करारात व्यवहाराचा क्रमांक लिहा, आणि ते पैसे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा. ते आपले नाहीत. डिपॉझिट घरखर्चात वापरलं आणि भाडेकरू निघाला त्या दिवशी हातात पैसे नव्हते, अशा मालकांशी झालेली भांडणं मी पाहिली आहेत. तिथे चूक मालकाचीच होती.

८. भाडेकरू कसा पारखायचा? कुटुंबालाच द्यावं का?

कुटुंब की एकटा मुलगा-मुलगी, यावरून मला कधीच काही कळलेलं नाही. माझ्याकडचं सर्वात स्वच्छ घर तीन नर्सिंगच्या मुलींनी ठेवलं होतं. मी तीन गोष्टी बघतो. पगार भाड्याच्या तिप्पट तरी आहे का, त्यासाठी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. पॅन आणि आधार. आणि आधीच्या घरमालकाशी फोन. आताच्या मालकाशी नव्हे, त्याच्या आधीच्या. आताच्या मालकाला भाडेकरू लवकर जायला हवा असेल तर तो गोडच बोलेल.

जात-धर्म आणि खाण्यापिण्याच्या चौकशा करू नका. एक तर ते चुकीचं आहे, आणि भाडं वेळेवर येईल की नाही हे त्यातून कळतही नाही.

९. पोलिसांना कळवावंच लागतं का?

हो. मुंबई, पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत भाडेकरूची माहिती द्यायचे आदेश वेळोवेळी निघतात. माहिती न देणं म्हणजे त्या आदेशाचा भंग, आणि गुन्हा मालकावर दाखल होतो. ऑनलाइन अर्जाला दहा मिनिटं लागतात. पोचपावती करारासोबत ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, तिथे दिरंगाई नको.

१०. सोसायटी एनओसीसाठी अडवते आणि वर जास्तीचे पैसे मागते. काय करू?

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीनुसार, घर भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. तुम्ही आधी लेखी कळवायचं आणि नंतर नोंदणीकृत कराराची प्रत व पोलिसांची पोचपावती जमा करायची. मी हे पत्र सचिवांच्या हातात देतो आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतो.

पैशांबाबत १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश स्पष्ट आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते शुल्क, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. इथे सेवा शुल्क म्हणजे तुमचं पूर्ण मेंटेनन्स बिल नव्हे. महापालिकेचे कर त्यातून वगळायचे. समजा बिल ३,००० आहे आणि त्यातलं सेवा शुल्क १,८०० आहे, तर आकारणी जास्तीत जास्त १८० रुपये. आईवडील, मुलगा, विवाहित मुलगी असं जवळचं माणूस राहत असेल तर काहीच आकारता येत नाही. हा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये माँ ब्लाँ सोसायटीच्या प्रकरणात उचलून धरला. समितीशी भांडण्याआधी आदेशाची प्रत जोडून एक साधं पत्र द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर मिटतं, कारण बऱ्याच समित्यांना हे खरोखर माहीत नसतं.

११. किल्ली देण्याच्या दिवशी नेमकं काय करायचं?

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या भाडेकरूला मी हॉलमध्ये चहा पाजून किल्ली दिली आणि घरी आलो. चौदा महिन्यांनी तो गेला तेव्हा बाथरूममधल्या नहाणीच्या जाळीभोवती फरशीचा सांधा उकललेला होता आणि खालच्या घरात छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. तो म्हणाला, आधीपासूनच होतं. मी म्हणालो, नव्हतं. पुरावा दोघांकडेही नव्हता. खालच्या काकूंच्या छताचं काम आणि आमची वॉटरप्रूफिंग असा सगळा खर्च मी केला. आजही मला वाटतं की तो कदाचित खरंच बोलत असेल. मी तरी ती जाळी आधी कधी वाकून पाहिली होती?

आता मी भाडेकरूला सोबत घेऊन खोलीखोलीतून फिरतो आणि मोबाइलवर एक सलग व्हिडिओ करतो. प्रत्येक नळ उघडून बंद करतो, फ्लश चालवतो, गिझर लावतो, खिडक्यांच्या काचा सरकवतो, ओट्याखाली टॉर्च मारतो, बाथरूमच्या बादलीतून पाणी ओतून ते किती वेळात जातं ते बघतो. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग फोटोत घेतो. पंखे, दिवे, पडद्यांच्या दांड्या आणि किल्ल्यांचे जोड यांची यादी करून दोघांच्या सह्या घेतो. व्हिडिओ त्याच वेळी भाडेकरूला पाठवतो, म्हणजे तारखेचा वाद राहत नाही. अर्धा-पाऊण तास जातो. घर सोडताना हाच व्हिडिओ बघत पुन्हा फेरी मारायची.

क्रम कटाक्षाने पाळा: डिपॉझिट बँकेत जमा, करार नोंदणी, पोलिसांना माहिती, सोसायटीला पत्र, मग किल्ली. सामानाचा टेम्पो खाली उभा आहे, अंगठा उद्या देतो, असं कुणी म्हणालं तरी नाही म्हणा. टेम्पो एक दिवस थांबू शकतो.

१२. दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

घराच्या अंगाला चिकटलेलं सगळं तुमचं: गळती, वायरिंग, पाइपलाइन, जुना झालेला गिझर. रोजच्या वापरातलं त्याचं: बल्ब, नळाचा वॉशर, तुंबलेलं सिंक. ५०० रुपयांपर्यंतचं काम भाडेकरूने परस्पर करावं आणि त्यावरचं मालकाला कळवावं, अशी एक ओळ करारात टाकली की रोजची कटकट जाते. भिंतीचा रंग फिका पडणं ही वापरातली झीज आहे, ते नुकसान नव्हे. त्यासाठी डिपॉझिटमधून पैसे कापू नका.

गळतीचा फोन आला की मात्र त्याच दिवशी माणूस पाठवा. मुरलेलं पाणी वाट बघत नाही.

१३. भाड्यावर आयकर कसा लागतो?

वर्षभरात मिळालेल्या भाड्यातून तुम्ही स्वतः प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा करा. उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तिला पावत्या लागत नाहीत. मग कर्जाचं व्याज वजा होतं. रंगकाम, दलाली आणि मेंटेनन्स यांची वेगळी वजावट नाही, ते सगळं त्या ३० टक्क्यांत आलं. प्रश्न १ मधलंच घर घेऊ. मिळालेलं भाडं १,५४,०००, कर ९,०००, उरले १,४५,०००. त्याचे ३० टक्के, म्हणजे ४३,५००, गेले की करपात्र उत्पन्न १,०१,५००.

व्याज भाड्यापेक्षा जास्त असेल तर जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वळता करता येतो. नव्या करप्रणालीत तो इतर उत्पन्नातून वळता होत नाही. कर्ज काढून दुसरं घर घेणाऱ्यांनी हा फरक घर घेण्याआधी समजून घ्यावा. परत द्यायचं डिपॉझिट हे उत्पन्न नाही. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूला २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा कर, कापावा लागतो.

पुणेकरांसाठी एक गोष्ट: स्वतः राहणाऱ्याला मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर राहत नाही. वाढलेला कर हिशोबात धरूनच भाडं ठरवा.

१४. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे. भाडं फक्त बायकोच्या खात्यात घेतलं तर कर वाचेल का?

भाडं कुणाच्या खात्यात जमा होतं यावर कर ठरत नाही. मालकीचा हिस्सा ज्याचा जेवढा, तेवढं उत्पन्न त्याचं. आणि घराचे सगळे पैसे नवऱ्याने भरून नुसतं बायकोचं नाव लावलं असेल, तर तिच्या हिश्श्याचं भाडंही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. करारावर मात्र सर्व सहमालकांच्या सह्या हव्यात, किंवा एकाकडे बाकीच्यांचं मुखत्यारपत्र हवं.

१५. मी परदेशात असतो. फ्लॅट भाड्याने देताना वेगळं काय करावं लागेल?

दोन गोष्टी. पहिली, भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. प्रश्न १३ मधली ५०,००० ची मर्यादा इथे नाही. खरा कर कमी बसत असेल तर आयकर खात्याकडून कमी दराचं प्रमाणपत्र घेता येतं, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा मागायचा. भाडेकरूला हे आधीच सांगा. नंतर कळलं की तो बिथरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी, इथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. परदेशात केलेलं पत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

१६. करार संपला, पण भाडेकरू घर सोडत नाही. आता?

नोंदणी केली होती त्याचं चीज इथे होतं. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षं घालवावी लागत नाहीत, त्याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जातं. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मिळण्याचीही तरतूद आहे.

दोन सावधगिरी. करार संपायच्या दोन महिने आधी लेखी विचारा की राहणार की जाणार. राहणार असेल तर जुनी मुदत संपण्याआधी नवा करार नोंदवा. बघू नंतर म्हणत कराराशिवाय महिनोन् महिने भाडं घेत राहू नका. आणि हा मार्ग फक्त राहण्याच्या जागेला आहे. दुकानाचा गाळा दिला असेल तर कलम २४ कामाला येणार नाही, तिथे आधी वकील गाठा.

१७. मुदत बाकी आहे पण तीन महिन्यांचं भाडं थकलंय. कुलूप लावू का? वीज तोडू का?

काहीही झालं तरी करू नका. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. सामान बाहेर काढलं किंवा कुलूप बदललं तर पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून तुम्ही उभे राहाल आणि थकबाकीचा विषय बाजूलाच पडेल.

पहिल्याच महिन्यात भाडं पाच दिवस उशिरा आलं तर फोन करा. पंधरा दिवस झाले तर लेखी कळवा. दुसरा महिना सुरू झाला की वकिलाची नोटीस द्या. सलग किती महिने भाडं थकलं तर परवानगी रद्द होईल, हे करारातच लिहून ठेवलेलं हवं. मी दोन महिने लिहितो. परवानगी रद्द झाली की पुढची वाट प्रश्न १६ प्रमाणे.

नोकरी गेली म्हणून भाडं थकलेला माणूस आणि मुद्दाम बुडवणारा माणूस, यातला फरक फोनवर दोन मिनिटांत कळतो. पहिल्याला मी डिपॉझिटमधून महिनाभर वळतं करून सन्मानाने घर सोडायला वेळ दिला आहे, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

१८. वर्षाला ४ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं वाढवता येत नाही ना?

ती ४ टक्क्यांची तरतूद भाडे नियंत्रणाखालच्या जुन्या, पागडी प्रकारच्या भाडेकरूंसाठी आहे. लायसन्समध्ये करारात ठरेल ती वाढ. ५ ते १० टक्के नेहमीचे. मुदतीच्या मध्येच मात्र वाढ मागता येत नाही.

१९. हेवी डिपॉझिटवर, म्हणजे दहा-पंधरा लाख घेऊन बिनभाड्याने घर द्यावं का?

मी देणार नाही. एकतर मुदत संपल्यावर एकरकमी पैसे परत द्यावे लागतात आणि नवा भाडेकरू तेवढीच रक्कम घेऊन त्याच आठवड्यात येईल याची खात्री नसते. पैसे मिळेपर्यंत जुना भाडेकरू घर सोडत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. शिवाय भाडं शून्य दाखवलं तरी आयकरासाठी त्या घराचं वाजवी भाडं काय आलं असतं ते धरलं जातं, आणि डिपॉझिटवर मुद्रांक शुल्क लागतंच, प्रश्न ५ प्रमाणे.

२०. कंपनीला तिच्या कर्मचाऱ्यासाठी घर दिलं तर?

भाडं वेळेवर येतं. भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ जुलै २०२२ पासून राहत्या घराच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो कंपनीने थेट सरकारला भरायचा, तुम्हाला काही करावं लागत नाही. प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाचं नाव करारात घाला. तो बदलला की पोलिसांना पुन्हा कळवा.

२१. भाचा शिकायला येतोय. त्याच्याशी करार करायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. न करता चालेल का?

भाडं घेणार नसाल, तर तो तुमचा पाहुणा. करार नको. भाडं घेणार असाल, मग ते चार हजार का असेना, करार करा आणि नोंदवा. मी माझ्या मावसभावाशी केला होता. संकोच मलाही वाटला, म्हणून त्याला म्हटलं, "दादा, उद्या तू इथे नसलास आणि मीही नसलो, तर आपल्या मुलांना कळायला हवं की काय ठरलं होतं." त्याने लगेच अंगठा दिला. तो तीन वर्षं राहिला, आणि गेला तेव्हा प्रश्न ११ मधली यादी त्यानेच पुढे केली. त्यात किल्ल्यांचे दोन जोड लिहिले होते. त्याने दोन्ही टेबलावर ठेवले.